घोडी, खोगीर आणि जुनी बेस गिटार

तंबोरा, सतार, सारंगी या वाद्यांत ज्या हाडाच्या वा लाकडाच्या आधारावरून तारा जातात त्यास आपण घोडी म्हणतो, आणि इंग्रजांनी त्याच अवयवास पूल म्हणून त्यावरील प्रत्येक तारेच्या स्वतंत्र आधारास मात्र सॅडल, म्हणजे चक्क खोगीर, असे नाव दिले; घोडी आमच्याकडे आणि खोगीर त्यांच्याकडे, अशी ही भाषेने केलेली वाटणी ज्या दिवशी ध्यानात आली, त्या दिवसापासून विद्युत बेस गिटारचा ब्रिज हा विषय मला परका वाटेनासा झाला. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी अमेरिकन बेस गिटार ज्याच्या मालकीची आहे, त्याने तिच्या अंगावरचा मूळ ब्रिज काढून त्या जागी नवा, जाड, घसघशीत ब्रिज बसवावा किंवा कसे, हा प्रश्न वादकांत, दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांत आणि जुन्या वाद्यांच्या व्यापाऱ्यांत गेली पन्नास वर्षे चर्चिला जात असून त्याचा निवाडा अद्याप लागलेला नाही. न लागण्याचे कारण असे की, या एका प्रश्नाच्या पोटात चार निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत, आणि वादी एकाविषयी बोलत असता प्रतिवादी दुसऱ्याच्याच बाबतीत आपली कैफियत मांडीत असतो.

प्रथम हा अवयव करतो काय, ते पाहावे. बेस गिटारच्या तारेची कंपन पावणारी लांबी सामान्यतः ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६४ मिलिमीटर असते. तिचे एक टोक मानेच्या शेवटी आणि दुसरे ब्रिजवरील सॅडलपाशी. चारही तारांची एकत्रित ओढ पाऊणशे किलोच्या आसपास किंवा थोडी अधिक भरते, आणि ती ओढ ब्रिजने लाकडात रोवलेल्या पाच स्क्रूंच्या जोरावर वर्षानुवर्षे सोसावयाची असते. तारेची पडद्यांपासूनची उंची सॅडलच्या उंचीने ठरते. आणि सॅडल पुढेमागे सरकवून प्रत्येक तारेची लांबी अशी जुळवावी लागते की, बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट कंपनसंख्येचा निघावा. जाड तार कडक असल्यामुळे तिला थोडी अधिक लांबी द्यावी लागते. म्हणून ४१ कंपनांच्या खर्जातल्या ई तारेचे सॅडल मागे आणि ९८ कंपनांच्या जी तारेचे पुढे, अशी तिरकी रांग प्रत्येक नीट जुळविलेल्या बेसवर दिसते. याखेरीज एक मुके काम ब्रिजकडे असते: तारांचा विजेच्या जमिनीशी संबंध त्याच्याच मार्फत जोडलेला असतो, आणि तो तुटला की वादकाने तारांवरून हात उचलताच ध्वनिक्षेपकातून घरघर सुरू होते.

आता इतिहास. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणारे लिओ फेंडर, ज्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती, त्यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली, तेव्हा तिच्या ब्रिजवर चार तारांना मिळून दोनच सॅडल होती, तीही दाबून घट्ट केलेल्या तंतुमय पदार्थाची, आणि तारा लाकडी देहाच्या पाठीमागून आरपार ओवलेल्या होत्या. दोन तारांना एक सॅडल म्हणजे दोघींच्या लांबीत तडजोड आली. नावात प्रिसिजन आणि स्वरात तडजोड, असा तो प्रकार होता. पुढे सॅडल धातूची झाली, आणि १९५७ साली वाद्याची जी फेररचना झाली तीत दर तारेस स्वतंत्र सॅडल मिळून तारा ब्रिजच्या मागच्या कडेतूनच ओवल्या जाऊ लागल्या. काटकोनात वाकविलेली पोलादी पट्टी, तिच्यावर चार नळकांडी, प्रत्येक नळकांड्यास उंचीचे दोन बारीक स्क्रू आणि मागून येणारा लांबीचा एक स्क्रू व स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. १९६० मध्ये आलेल्या जॅझ बेसनेही हाच नमुना चालविला, आणि आज ज्यास मूळ ब्रिज म्हणून लोक जपतात किंवा ज्याची वाकलेला पत्रा म्हणून हेटाळणी करतात, तो हाच.

या पत्र्याची हेटाळणी करण्यापूर्वी त्याच्यावर बसविलेले झाकण आठवावे. कारखान्यातून येणाऱ्या बेसवर ब्रिज झाकणारे एक चकचकीत धातूचे आवरण असे (वादक त्यास राखदाणी म्हणत आणि पुष्कळदा काढून तिचा तसाच उपयोगही करीत), आणि त्याच्या आतल्या बाजूस स्पंजाची पट्टी चिकटविलेली असे, ती तारांवर टेकून त्यांचा नाद लवकर थांबवी. म्हणजे रचनाकाराला लांबणारा स्वर नकोच होता. उभ्या, माणसाएवढ्या उंचीच्या डबल बेसचा ठसठशीत, लवकर मावळणारा ठोका त्याला हवा होता, आणि चपट्या वेष्टणाच्या तारा व स्पंज यांनी तो त्याला मिळतही होता. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांत जेम्स जेमरसन याने आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवर, झाकण व स्पंज जागच्या जागी ठेवून, तारा बदलण्याचीही फारशी तोशीस न घेता, जे वाजविले ते याच पत्र्यावरून निघालेले आहे. ती बेस १९८३ मध्ये त्याच्या मृत्यूच्या सुमारास चोरीस गेली.

मग या ब्रिजविरुद्ध फिर्याद केव्हा दाखल झाली? १९६६ मध्ये इंग्लंडातील रोटोसाउंड कंपनीने, द हू या वृंदाचा बेसवादक जॉन एन्टविसल याच्या आग्रहाने, गोल वेष्टणाच्या अशा तारा सिद्ध केल्या की, ज्यांचा स्वर पियानोच्या खर्जासारखा खणखणीत व दीर्घ होता. पाठोपाठ अंगठ्याने तार आपटून आणि बोटाने खेचून वाजविण्याची पद्धती रूढ झाली. वादकाची अपेक्षा ठोक्याकडून नादाकडे वळली, झाकणे उतरली, स्पंज कुजून गळून पडले, आणि ज्या अवयवाकडे कोणी पाहत नव्हते तो उघडा पडला. सत्तरीच्या दशकात कॅलिफोर्नियातील अलेम्बिक या संस्थेने भरभक्कम पितळी ब्रिज बसविलेल्या महागड्या बेस बनविल्या, त्या स्टॅन्ली क्लार्कसारख्या वादकाच्या हाती दिसल्या, आणि वजन म्हणजे नाद हे समीकरण घरोघर पोहोचले. जे अलेम्बिक घेऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी लिओ क्वान या नावाने विकला जाणारा बॅडअ‍ॅस ब्रिज आला. तो जुन्याच स्क्रूंच्या जागी बसे, दिसावयास दांडगा असे, आणि त्याच्या सॅडलवर तारेची खाच आधी पाडलेली नसल्यामुळे ती कानशीने स्वतः पाडावी लागे. ती खाच पाडणे हेच पुष्कळ तरुण वादकांचे कारागिरीतील पहिले, आणि काहींचे शेवटचे, पाऊल ठरले असावे.

वजनाने नाद वाढतो हे म्हणणे निराधार नाही. तार छेडल्यावर तिच्यातील ऊर्जा दोन्ही टोकांशी जाऊन परतते. टोक जेवढे अचल, तेवढी ती अधिक परतते, आणि जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा कमी हलते. परंतु तारेला टोके दोन असतात, ही गोष्ट ब्रिज विकणाऱ्यांच्या जाहिरातींत येत नाही. म्युनिक येथील हेल्मुट फ्लायशर या ध्वनिशास्त्रज्ञाने भरीव देहाच्या गिटारांची व बेसची जी मोजमापे घेतली, त्यांत असे दिसले की, ब्रिजपाशी वाद्य जवळजवळ स्थिरच असते आणि कंपनाची गळती होते ती मुख्यतः मानेच्या बाजूने. काही विवक्षित स्वरांना मानेची स्वतःची कंपनसंख्या गाठते, ती त्यांची ऊर्जा गिळते, आणि तो स्वर अकाली मरतो. फेंडर धाटणीच्या बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या दरम्यान असे मृतस्थान बहुधा सापडतेच. ब्रिज कितीही जड केला तरी ते तेथेच राहते; उलट मानेच्या शेंड्यास एखादी जड पकड लावून पाहिली तर ते जागा बदलते. घराचे दार सताड उघडे ठेवून खिडकीला दुसरी कडी लावावी, तसाच हा ब्रिजचा उपाय आहे.

धातूंच्या घनतेचा हिशेबही मौजेचा आहे. पोलाद दर घनसेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम, पितळ साधारण ८.५, जस्ताचा ओतीव मिश्रधातू पावणेसातच्या आसपास आणि अ‍ॅल्युमिनियम २.७. बाजारातील कित्येक जड ब्रिज ओतीव जस्ताचे असतात, म्हणजे ज्या पत्र्यास हलका म्हणून काढावयाचे त्याच्याहून हलक्या धातूचे. त्यांचे वजन येते ते केवळ जाडीतून. त्याच नमुन्याचे अ‍ॅल्युमिनियमचे ब्रिज काही कारखाने खांद्यावरचा भार कमी व्हावा म्हणून विकतात, आणि त्यांचेही स्वर गोड लागल्याची ग्वाही देणारे गिऱ्हाईक भेटते.

तरीही ज्याने ब्रिज बदलला तो शपथेवर सांगतो की आवाज बदलला, आणि तो खोटे बोलत नसतो. ब्रिज बदलावयाचा तर जुन्या तारा उतरतात आणि नव्या चढतात. तारांची उंची पुन्हा बसविली जाते. उंची बदलली की चुंबकीय पिकअपपासूनचे अंतर बदलते. गंजून सैल झालेले, बारीक खुळखुळणारे स्क्रू जाऊन घट्ट स्क्रू येतात. स्वरांची जुळणी कित्येक वर्षांनी प्रथमच नीट होते. एवढ्या सुधारणा एका दुपारी झाल्यावर त्यांचे सर्व श्रेय सर्वांत महाग वस्तूच्या खात्यावर जमा व्हावे, हा मनुष्यस्वभाव आहे. हीच सर्व मशागत मूळ ब्रिज ठेवून करावी आणि मग आठ दिवस ऐकावे, अशी माझी पहिली शिफारस राहील. त्यानंतर नव्या ब्रिजची गरज पुष्कळांस भासणार नाही.

मात्र मूळ ब्रिजमध्ये दोष नाहीतच असा याचा अर्थ कोणी करू नये. सपाट पट्टीवर नळकांडी नुसती टेकलेली असतात, त्यांना बाजूने अडविणारी खाच नसते. त्यामुळे तार जोराने खेचली असता सॅडल आडवे सरकते, तारांमधील अंतर बिघडते, आणि अंगठ्याने आपटून वाजविणाऱ्याची जी तार मानेच्या कडेवरून घसरू लागते. ही तक्रार नादाची नसून यंत्राची आहे, आणि तिच्यावर नवा ब्रिज हा खरा इलाज आहे, कारण नव्यांत सॅडलसाठी स्वतंत्र पन्हळी असतात. न्यूयॉर्कच्या मार्कस मिलरने आपल्या १९७७ च्या जॅझ बेसवर, किंवा रश वृंदाच्या गेडी ली याने मिशिगनमधील कॅलामाझू येथे गहाणवटीच्या दुकानातून घेतलेल्या १९७२ च्या जॅझ बेसवर बॅडअ‍ॅस बसविला, तो वाद्य पेटीत पुजावयाचे नसून रोज रंगमंचावर झोडावयाचे होते म्हणून. पुढे फेंडर कंपनीनेच या दोघांच्या नावाच्या बेस काढल्या आणि त्यांवर कारखान्यातूनच बॅडअ‍ॅस बसवून दिला. तेव्हा एकाच्या वाद्यावरील फेरफार हा दुसऱ्याच्या वाद्यावरील मूळ अवयव झाला. त्या बेसवर आज कोणी जुन्या धाटणीचा वाकलेला पत्रा चढविला, तर संग्राहक म्हणणार की याने मूळ ब्रिज घालविला.

मूळ या शब्दाची अधिक छाननी केली तर तो हातात राहत नाही. ज्या लिओ फेंडर यांच्या नावाने मूळपणाचा आग्रह धरला जातो, त्यांनी स्वतः हा ब्रिज कधी कायमचा मानला नाही. १९५१ मध्ये तारा देहातून ओवल्या, १९५७ मध्ये बाहेर काढल्या. १९६५ च्या जानेवारीत कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरला सीबीएसला विकल्यावर, म्युझिक मॅन या दुसऱ्या कंपनीसाठी रचलेल्या १९७६ च्या स्टिंगरे बेसमध्ये तारा पुन्हा देहातून नेल्या आणि दर तारेखाली वरखाली होणारे स्पंजाचे दाबे दिले. आणि १९८० मध्ये जी अँड एल या आपल्या नव्या कंपनीच्या बेसवर असा ब्रिज बसविला की, ज्याचा तळ लाकडात उतरतो आणि ज्याची चारही सॅडल बाजूच्या एका स्क्रूने एकमेकांवर आवळली जातात. सॅडल आडवी सरकतात ही तक्रार त्यांनी ऐकली होती, आणि तिच्यावर स्वतःच तजवीज केली होती. १९६२ च्या बेसवरील ब्रिज राखणारा लिओ फेंडर यांच्या विचारांशी नव्हे, तर १९६२ या तारखेशी एकनिष्ठ राहतो. तारखेशी एकनिष्ठ राहणे हेही एक मूल्य आहे, आणि ते मी कमी लेखीत नाही. फक्त त्यास निर्मात्याची इच्छा म्हणू नये.

फेंडरबाहेर पडताच निवाडा पालटतो. गिब्सनच्या साठीच्या दशकातील ईबी-० व ईबी-३ या आखूड, साडेतीस इंची बेसवर दोन खुंट्यांवर तोललेला एकसंध धातूचा दांडा आरंभी असे, त्यात प्रत्येक तारेची लांबी वेगळी जुळविण्याची सोयच नव्हती. क्रीम वृंदाच्या जॅक ब्रूसने ईबी-३ वर जे गाजविले ते या दांड्यामुळे नव्हे, त्याला न जुमानता. नंतर सत्तरीत तीन खुंट्यांचा ब्रिज आला. त्यात जुळणीची सोय होती, पण तो बोजड होता आणि त्याची मनधरणी करणे जिकिरीचे होते. या दोहोंच्या जागी, त्याच खुंट्यांवर, नवे भोक न पाडता बसणारे ब्रिज हिपशॉटसारखे कारखाने बनवितात, आणि ते बसविण्यात मला तरी कोणताही संकोच वाटत नाही. बेसूर वाजणारे वाद्य अस्सल आहे या समाधानावर संगीत चालत नाही. रिकनबॅकर ४००१ चे दुखणे निराळे: तेथे ब्रिज एका ओतीव शेपटीच्या पोटात बसलेला असतो, आणि तारांच्या ओढीने त्या शेपटीची मागची कड हळूहळू लाकडावरून वर उचलली जाते. फट एखाद्या कागदाएवढी असेल तर ती वयाची खूण समजून सोडून द्यावी, वाढत असेल तर बदलावी. हॉफनरच्या व्हायोलिन बेसवर, जी पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतली त्या जातीवर, ब्रिज लाकडाचा आणि तो केवळ तारांच्या दाबाने उभा. तेथे जड धातूचा विचार करणे म्हणजे वेताच्या खुर्चीला लोखंडी पाय लावणे होय.

राहिला किमतीचा प्रश्न. जुन्या वाद्याच्या बाजारात प्रत्येक स्क्रू हा एक दस्तऐवज असतो, आणि हरवलेल्या कागदाप्रमाणे हरवलेला अवयव मालमत्तेचे मोल घटवितो; सुटी जुनी सॅडलसुद्धा विकली जातात, आणि जेथे अस्सलास दाम आहे तेथे मुद्दाम गंजविलेली नक्कलही निपजते. पण बाजार ज्या अपराधाला खरी शिक्षा देतो तो ब्रिज काढण्याचा नव्हे. लाकडाला नवी भोके पाडण्याचा, खोदण्याचा, रंग उतरविण्याचा. जे पूर्ववत करता येते ते केले तरी चालते, जे येत नाही ते करू नये, हे वस्तुसंग्रहालयांच्या जतनशास्त्रातील तत्त्व येथेही पुरे पडते. नवा ब्रिज जुन्याच पाच भोकांत बसत असेल आणि जुना त्याच्या स्क्रूंसह पेटीत जपून ठेवला असेल, तर मालकाने काहीच गमावलेले नाही.

मिरजेच्या सतारमेकर मंडळींना हा सगळा खल चमत्कारिक वाटेल. तंबोऱ्याची घोडी तारांच्या घर्षणाने झिजते, जवारी बिघडते, आणि मग ती कानशीने पुन्हा घासून जवारी काढावी लागते. असे कित्येकदा झाल्यावर घोडीच बदलतात, आणि त्यामुळे तंबोरा मूळचा राहिला नाही असे कोणी गवई म्हणाल्याचे ऐकिवात नाही. घोडी हा तेथे झिजून संपण्यासाठीच जन्मलेला अवयव मानला आहे. बेसचे सॅडलही झिजते, गोल वेष्टणाची तार त्यात कानशीसारखीच खाच पाडते. आणि तेव्हा सगळा ब्रिज न बदलता केवळ चार सॅडल बदलावी, हा मधला मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. जुन्या नमुन्याबरहुकूम, आट्यांची नळकांडी असलेले सॅडल आज सुटे मिळतात.

मुंबई-गोव्याकडील वादकास तर हा मार्ग पाठच करून ठेवावा लागतो. हिंदी चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांच्या वृंदातील टोनी वाझ यांच्यासारख्यांनी बेसला जे स्थान मिळवून दिले, ते समुद्रकाठच्या दमट हवेत, आणि या हवेचा पहिला घास असतो पोलादी सॅडलचे बिनडोक्याचे बारीक स्क्रू. ते गंजून नळकांड्याशी एकजीव होतात, चावी आत फिरून कोपरे झिजवते, आणि तारांची उंची आहे तेथे कायम होते. जोर करू नये. सॅडल सुटे काढून भेदक तेलात दोन दिवस बुडवून ठेवावे, मग डाख देण्याच्या उपकरणाचे तापलेले टोक स्क्रूस टेकवून तो गरम करावा, आणि थोडे पुढे, थोडे मागे असा सोडवावा. शिवाय अमेरिकन जुन्या स्क्रूंचे आटे इंची मापाचे आणि जपानी-कोरियन सुट्या भागांचे मेट्रिक, याचे भान न ठेवता डोळ्यांना सारखा दिसणारा स्क्रू पिळला तर सॅडल कामातून जाते.

ज्याने बदलण्याचे ठरविलेच आहे त्याने तारा एकदम न कापता क्रमाने सैल कराव्या. नव्या ब्रिजचा तळ पत्र्याहून जाड असतो, तेव्हा सॅडल पार खाली बसवूनही तारा उंच राहतील काय, हे मोजून घ्यावे. राहणार असतील तर मानेच्या बुडाशी पाचर घालावी लागते, आणि एका बदलातून दुसरा निघतो. लाकडातील स्क्रू परत लावताना प्रथम उलट फिरवावा, तो जुन्या आट्यात टक्कन पडल्याचे बोटांना कळते, मगच सुलट पिळावा. ब्रिजखालची विजेची तार तुटू देऊ नये.

आणि ब्रिज उचलल्यावर क्षणभर खाली पाहावे. जुन्या नायट्रोसेल्युलोज रोगणाचा पांढरा रंग प्रकाशाने आणि धुराने लोण्यासारखा पिवळा झालेला असतो, तांबडा विटून नारिंगीकडे झुकलेला असतो. पण पत्र्याने झाकलेल्या त्या आयताकृती तुकड्यात कारखान्याच्या दिवशीचा रंग अजून तसाच असतो, आणि मूळ ब्रिज जन्मभर हलू न देणाऱ्या मालकास तो कधीच दिसत नाही.